एक वाजता घरी

आमच्या रामनगर भागात लोक मला 'बायकोवाले फादर' म्हणतात. मी फादर नाही, डीकन आहे; फादरच्या एक पायरी खाली. बाप्तिस्मा देतो, लग्न लावतो, मयत पोचवतो, प्रवचन करतो. मिस्सा, म्हणजे देवळातली मुख्य उपासना, मात्र फादरनीच करायची. आठवडाभर मी शाळेत मास्तर असतो आणि शनिवार-रविवार झगा चढवतो. उरलेल्या वेळात घरी विश्रांती घ्यावी, असं आम्हाला शिकवताना बजावून सांगितलं होतं. विश्रांतीवर मी स्वतः तीन प्रवचनं केली आहेत. तिन्ही घाईघाईत उरकली, कारण पुढच्या वाडीला पोचायचं होतं.

लग्न झालेल्या माणसाला डीकन करायचं तर बिशप आधी त्याच्या बायकोची लेखी संमती घेतात. माझ्या बायकोनं पेन हातात धरून एकच अट घातली होती. "कणसाच्या सणाला एक वाजता जेवाय घरात पायजेसा. बाकी वर्सभर तुमी देवाचे." अट इतकी सोपी वाटली की मी हसलो. बिशपही हसले. ती हसली नाही.

सप्टेंबरात हा सण येतो. भाताची नवी कणसं देवळात आशीर्वाद देऊन घरोघर वाटायची, त्यातले दाणे सोलून खिरीत घालायचे आणि साऱ्या घरानं एका पंगतीला बसून केळीच्या पानावर जेवायचं, असा रिवाज. कणसाशिवाय खीर नाही आणि खिरीशिवाय जेवण नाही. डीकन झाल्यापासून सात वर्षं मी या जेवणाला कधी तीनला पोचलो, कधी चारला. बायको मुकाट्यानं वाढायची. तिला सवय झाली आहे, अशी मी माझी समजूत घालून घेतली होती.

गेल्या वर्षीची गोष्ट वेगळी होती. आमची एकुलती एक मुलगी नर्स होऊन दोन वर्षांच्या करारावर कुवेतला निघाली होती, आणि नेमकी सणाच्याच दिवशी. पाच वाजता गोव्याच्या विमानतळाकडं जाणारी जीप दारात येणार होती. दरवर्षी सकाळच्या मिस्सेहून कणीस बायको आणायची. मी तिला म्हटलं, "तू तिची बॅग भर. कणीस मी आणतो. आणि एक वाजता घरात."

जोयड्याच्या वाटेवरच्या दोन वाड्या माझ्याकडं होत्या. अकरा वाजता कणसं वाटून झाली तेव्हा मी स्वतःवर खूश होतो. मग पहिल्या घरातून हाक आली, "डीकन, घोटभर खीर." सणाच्या दिवशी नाही म्हटलं तर माणसं वर्षभर अबोला धरतात. त्या घरचं शेजारच्यांनी पाहिलं आणि त्यांचीही हाक आली. मला नाही म्हणता येत नाही, असं मी सगळ्यांना सांगतो. बायको म्हणते, "तुमास्नी 'या' म्हटल्यालं आवडतंय."

पाचव्या वाटीनंतर घरधन्यानं मला नव्या वॉशिंग मशीनपुढं उभं केलं. आमच्या पुस्तकात या यंत्रासाठी प्रार्थना नाही. मी नव्या गाडीची प्रार्थना वाचली. "हिच्यातून प्रवास करणारे सुखरूप परत येवोत," असं म्हटल्यावर घरधनी मोठ्यानं आमेन म्हणाला. मला हसू आवरेना आणि त्या गडबडीत सहावी वाटी हातात आली. घड्याळात अडीच वाजले होते.

परतताना रस्त्याकडेला एक म्हातारी थांबलेली. नवरा अंथरुणाला खिळलेला, म्हणून तिला देवळात येता आलं नव्हतं. पिशवीत कणसांची एकच जुडी उरली होती, ती मी तिला दिली. पुढचे दोन किलोमीटर मी किती भला माणूस आहे या विचारात गाडी चालवली. तिसऱ्या किलोमीटरला आठवलं की ती जुडी आमच्या घरची होती.

घरी पोचलो तेव्हा पावणेचार. बायकोनं हात पुढं केला. "कणीस?"

मी रिकामी पिशवी दाखवली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं भिंतीवरचा विळा काढून माझ्या हातात दिला. "मागं शेत हाय. तुमी डीकन हायसा न्हवं? जावा."

पांढरा झगा खोचून मी चिखलात उतरलो आणि तीन हिरवी कणसं अन् एक चप्पल घेऊन वर आलो. दाणा अजून दुधात होता. मुलीनं कणसं ताटात धरली आणि मी सवयीनं घसा खाकरून सुरू केलं, "प्रिय बंधुभगिनींनो..."

"इतं बंधू कोण न्हाई," बायको म्हणाली. "आटपा."

आटपलं. खीर चुलीवर चढली, आणि मी वळून पाहिलं तर जमिनीवर दोनच पानं मांडलेली. तिसरं पान क्रुसाखाली भिंतीलगत होतं, भाज्यांसकट वाढून वर झाकलेलं. या सणाला घरातलं माणूस परगावी असेल तर त्याचं पान आमच्याकडं असं क्रुसाखाली वाढतात.

मी मुलीला म्हटलं, "तू तर अजून हाईस. हे कुणाचं?"

"तुमचं," ती म्हणाली. "दरवर्सी तुमचंच वाढतोय. एक वाजला की तितं वाढायचं, आनि आमी दोगी जेवायचं. तुमी आल्यावर आई तेच पान तुमच्यापुढं ठेवती."

ती हे टोमणा म्हणून बोलली नाही. सुरी कुठं ठेवली हे सांगावं, तसं सांगितलं. सात वर्षं मला वाटत होतं की त्या माझ्यासाठी उपाशी थांबतात.

मी ते पान उचलून त्या दोघींच्या मध्ये आणून ठेवलं. पोटात सहा वाट्या खीर होती. खीर झाल्यावर बायकोनं सातवी वाढली. एवढ्यात खिशातला फोन वाजला. मी हात लावला नाही. तो वाजतच राहिला, तेव्हा मुलगी समजुतीनं म्हणाली, "घ्या पप्पा, कुनाचं मयत असंल." मी फोन बंद करून लांब ठेवला. मला रडू आलं. बायकोनं माझ्या पानावर मिठाची चिमूट वाढली आणि म्हणाली, "जेवा. जीप यील."

यंदा दोन्ही वाड्यांच्या लोकांना मी मोठ्या देवळातच बोलावलं आणि साडेबाराला घरी आलो. बायकोनं दोन पानं जमिनीवर मांडली, एक क्रुसाखाली, आणि खिरीचं पातेलं माझ्याकडं सरकवलं. कुवेतचं पान मी वाढलं. खीर पानाबाहेर जाईपर्यंत वाढत राहिलो, आणि बायकोनं मला थांबवलं नाही.