प्याला धुणारीचे हात

"बाई, तुमची पाळी तर नाही न चालू?"

भरल्या चर्चमध्ये, वेदीसमोर पाळकसाहेबांनी मला विचारलं. आवाज खाली करायचीही गरज वाटली नाही त्यांना. प्रभुभोजनात द्राक्षरसाचा प्याला लोकांपुढं धरणारे चर्चचे पंच तापानं घरी पडले होते, म्हणून मी उठून पुढं गेले होते. एवढाच माझा गुन्हा.

"नाही, साहेब," मी म्हणाले.

मी उत्तर दिलं. त्या प्रश्नापेक्षा याचीच चीड मला जास्त येते.

"तरी राहू द्या. लोकायले चालणार नाही." मग त्यांनी मागच्या बाकावरच्या सुधीरला हाक मारली. सुधीर मळणीच्या मशीनवरून तसाच आलेला. केसांत धानाचा भुसा. बायबल कधी उघडत नाही तो. त्यानं प्याला धरला. लोकांना चाललं.

मी चार वर्षं धर्मशास्त्र शिकले. अड्याळजवळच्या आमच्या या लहानशा लुथरन चर्चमध्ये पाळक महिन्यातून एकदाच येतात. बाकीचे रविवार मीच उपदेश करते, आजाऱ्यांकडे जाते, मातीही मीच देते. बाईला पाळकपदाची दीक्षा द्यायला आमच्या नियमांत मनाई नाही. तरी पाळक होण्यासाठीचा माझा अर्ज पंचमंडळानं दोनदा दाबून ठेवला.

उपासना संपली. साहेबांनी उष्टा प्याला माझ्यापुढं केला.

"धुवून, पुसून ठेवा बाई."

अकरा वर्षं धुतेय तो. भरलेला असताना माझे हात विटाळाचे, रिकामा झाला की कामाचे. हे अकरा वर्षांत माझ्या डोक्यात कसं नाही आलं? शिकलेली म्हणवते मी स्वतःला!

मी प्याला घेतला आणि न धुता वेदीवर ठेवून दिला.

"हे काय?" साहेब म्हणाले.

"सुधीरले सांगा," मी म्हणाले आणि बाहेर पडले.

उपासनेला आलेली आई माझ्यामागं निघाली. वाटेत रडायला लागली. "कायले पुढं गेली वो माय? चूप बसाचं होतं."

"आजा कायले येशूकडं आला होता, आई?"

आई थांबली. "तलावावर पाणी भरू देत नोहते. भांडं बाटते म्हणत." एवढं बोलली आणि पुढचं तिचं तिलाच कळलं.

तिसरा अर्ज लिहून झालाय. तो मी पंचांच्या हातात देणार नाही. येत्या प्रभुभोजनाच्या रविवारी सगळ्यांसमोर उभी राहून वाचणार आहे. दीक्षा मिळेपर्यंत त्या चर्चमधलं एकही भांडं मी धुणार नाही. प्याला धरायला मात्र त्याच रविवारी पुढं जाणार.

साहेब पुन्हा विचारतील. विचारू देत.

"हो, चालू आहे," मी सांगेन. आणि प्याला उचलेन.