आबांच्या डोळ्यातला वाकडा बांध

सत्तरचं दशक सरत आलं होतं. पलूसला आमच्या आणि तात्यांच्या, म्हणजे वडिलांच्या चुलतभावाच्या, उसात एकच बांध होता. एका सकाळी माझे वडील, आबा, त्या बांधावरून असे गरजले की कृष्णेपलीकडचे बगळे उडाले.

"तात्या, मधोमध बांध कोरलास रं. पोट आलंय त्याला."

बांध कोरून दुसऱ्याच्या रानात घुसणं म्हणजे आमच्याकडे सात जन्मांचं वैर. बांध सरळ आहे हे दाखवायला तात्यांनी दोरी आणली. एक टोक मी धरलं, दुसरं त्यांनी.

"ढिली धरलीया," आबा म्हणाले.

मग आम्ही ती इतकी ताणली की वाऱ्यावर तुणतुण्यासारखी वाजू लागली. तिच्यावर टेकलेला कावळा थेट औंधात जाऊन पडला. आबांना तरीही वाकडीच.

"दादा, एकेक डोळा झाका बघू," तात्या आबांना म्हणाले.

उजवा झाकला, दोरी सरळ. डावा झाकला, दोरीला पोट.

सांगलीच्या डॉक्टरांनी उजव्या डोळ्यात निरखून पाहिलं. "पडद्याखाली नको तिथं रक्तवाहिन्या उगवल्यात. त्या पाझरतात, पडदा उचलला जातो, म्हणून सरळ ते वाकडं दिसतं. अजून नजरेच्या मध्याला पोचल्या नाहीत, तोवर मुंबईला जाऊन प्रखर प्रकाशानं जाळून घ्या. उशीर केलात तर या डोळ्यानं समोरच्याचं तोंड दिसणार नाही. जळल्या जागी नजरेत डाग मात्र राहील, तेवढं दिसणार नाही."

"म्हंजे तणच की," आबा म्हणाले. "जाळा."

उसाच्या पाण्याची पाळी सोडून तात्याही मुंबईला आले. डोळा सुन्न करून डॉक्टरांनी बजावलं, "अजिबात हलायचं नाही." जेवता जेवता अख्खं गाव फिरून येणारा आमचा बाप! तात्यांनी मागून डोकं धरलं, नाल ठोकताना बैलाला धरतात तसं. आबा असे थिजले की भिंतीवरची पाल खांब समजून त्यांच्यावर चढू लागली. लख्खकन उजेड झाला, पुन्हा झाला, आणि संपलं.

काही आठवड्यांनी सांगलीच्या डॉक्टरांनी आबांचा डावा डोळा झाकला आणि तात्यांना समोर बसवलं. "काय दिसतंय?"

आबांनी मान पुढं काढून तात्यांकडं पाहिलं.

"तात्या दिसतोय. मिशीचा एक आकडा तेवढा गेलाय."

"दुसरा हाय न्हवं?" तात्यांनी विचारलं.

"हाय की. च्याचा थेंब अडकलाय त्यात."

तात्यांनी मिशी पुसली.