कोंब ओढू नये

आमच्या गल्लीत असं बोललं जातं, की ताडवहिनींनी एकदा नवऱ्याला दुपारभर पामच्या झाडाला बांधून ठेवलं होतं. कारण काय, तर आवारातली झाडं काढून तिथे खोल्या बांधू या असं ते म्हणाले. ही गोष्ट मी स्वतः बऱ्याच ठिकाणी सांगितली आहे, तेव्हा दुरुस्तीही मीच केलेली बरी. दुपारभर नाही, फार तर पंधरा मिनिटं. आणि खोल्यांचा विषय त्या दिवशी निघालाच नव्हता.

पाम हलवायचा तर आधी त्याच्या झावळ्या वर ओढून, केसांचा बुचडा घालावा तशा बांधाव्या लागतात. सगळ्या झावळ्यांच्या मधोमध एक नवा, अजून न उलगडलेला कोंब असतो, त्याला धक्का लागू नये म्हणून. त्या दिवशी झावळ्या कवेत धरून पोस्टमास्तर उभे होते. पोस्टमास्तर म्हणजे वहिनींचे यजमान. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी गल्लीत त्यांना दुसरं नाव नाही. वहिनी दोरी घेऊन भोवती फिरत होत्या. दोरीच्या आत कोण आणि बाहेर कोण, याकडे दोघांचंही लक्ष नव्हतं. गाठ बसली आणि घरात फोन वाजला. फोन नणंदेचा होता, म्हणजे दोन मिनिटांत संपणारा नव्हे. मी आमच्या दोन घरांमधल्या भिंतीवरून विचारलं, "काय पोस्टमास्तर, पार्सल कुठे जायचंय?" त्यांनी हनुवटीने गाठ दाखवली. मी सोडवायला गेलो नाही, हे नोंदवून ठेवतो. माझा चहा गॅसवर होता.

ताडवहिनी हे नाव मीच ठेवलेलं. वहिनी उंचीला माझ्या खांद्याला लागतील न लागतील, त्यामुळे नाव चिकटलं. बत्तीस वर्षांपूर्वी पोस्टमास्तरांचं अपेंडिक्स काढलं तेव्हा त्या पाच दिवस दवाखान्याच्या बाकावर बसून होत्या. बाहेर पामखाली फळं पडलेली असत. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून त्यातली अकरा त्यांनी ओच्यात घालून आणली आणि गळक्या बादलीत माती भरून खोचली. तीन महिने बादलीत काही हललं नाही. सासूबाई रोज बादली परत मागत. सत्त्याण्णवाव्या दिवशी एक हिरवी सुई वर आली. अकरापैकी चार उगवली. सासूबाईंना नवी बादली आणून दिली आणि तिथून हा उद्योग सुरू झाला.

आज त्या आवारात साठेक पाम आहेत. काही पिशव्यांत, काही रंगाच्या रिकाम्या डब्यांत, मोठे जमिनीत. वहिनी झाडांशी बोलतात ही दुसरी अफवा. त्या माणसांशीच मोजकं बोलतात, झाडांच्या वाट्याला काय येणार? त्यांचं काम सगळं हातात. सकाळी मनगट मातीत खुपसून बघतात, ऊब आहे की नाही. माती गार असेल तर कोणीही कितीही गळ घालू दे, झाड हलवणार नाहीत. गार मातीत लावलेला पाम म्हणे रुसलेल्या पाहुण्यासारखा बसून राहतो, ना खातो ना जातो. खोडाला खिळा ठोकू देत नाहीत, कारण पामच्या खोडाची जखम कधी भरून येत नाही. याचा पुरावा आमच्या सामाईक भिंतीलगतच्या झाडात आहे. वीस वर्षांपूर्वी कपड्यांच्या दोरीसाठी मी तिथे एक खिळा मारला होता. खिळा त्यांनी त्याच दिवशी उपटला, पण भोक अजून कालच पडल्यासारखं आहे. झाडं बघायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या ते भोक दाखवतात आणि मग भिंतीपलीकडे मलाही दाखवतात.

तर आता खोल्या. त्यांच्या चिरंजीवाचं लग्न ठरलं आणि घर अपुरं आहे हे सगळ्यांना एकदम दिसायला लागलं. दोन खोल्या हव्या होत्या. त्या गच्चीवर निघाल्या असत्या, गवंड्याने तसं सांगितलंही. पण गच्ची पोस्टमास्तरांची. तिथे त्यांची आरामखुर्ची, रेडिओ आणि दुपारची झोप. निवृत्तीनंतर त्यांनी कमावलेलं राज्य तेवढंच. आवार वहिनींचं. म्हणजे सून घरात येणार ती नवऱ्याची खुर्ची उठवून की बायकोची झाडं उठवून, एवढाच प्रश्न होता आणि घरात कोणी तो तोंडाने विचारत नव्हतं.

त्याच सुमारास वाचनालयाचं काम आलं. आमचं वाचनालय दुमजली. खाली पुस्तकं, वर वाचनकक्ष आणि त्याला लागून गॅलरी. दारात एक जुना पाम, दोन पुरुष उंच खोडाचा. तिथे नवा जिना घालायचा होता, म्हणून झाड काढून बाजूला, गॅलरीला लागून लावायचं ठरलं. एवढं मोठं झाड वहिनींनी तोवर हलवलं नव्हतं. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि हो म्हटलं.

तिसऱ्या दिवशी जेवताना पोस्टमास्तरांनी विषय काढला. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी त्यांच्या खिडकीसमोर आहे, त्याला मी काय करणार. ते म्हणाले, "हे झाड लागलं तर मी आवाराचं नाव काढणार नाही. खोल्या गच्चीवर. पण गेलं, तर आवार मोकळं करायचं." वहिनींनी भात वाढता वाढता सहा महिने मागितले. पोस्टमास्तरांनी हात धुऊन कॅलेंडरवर तारखेला गोल केला. आयुष्यभर शिक्के मारलेला माणूस, गोलसुद्धा चोख.

झाड हलवलं त्या दिवशी सगळं वाचनालय रस्त्यावर होतं. वहिनींनी सव्वीस झावळ्यांपैकी चौदा कापल्या, उरलेल्या सुतळीने वर बांधल्या. सुतळीच का, तर ती आपोआप कुजून तुटते, आणि तुटेपर्यंत झाडाला उसंत मिळते. खोडाभोवती हातभर अंतर सोडून दोन मजुरांनी खणलं. आत मुळं म्हणजे दोरखंडांचा गुंता. मातीच्या रेषेवर वहिनींनी खडूने खूण केली, क्रेनने झाड उचललं आणि नव्या खड्ड्यात टेकवलं. आता क्रेनवाल्याला वाटलं आणखी दोन फूट खोल जाऊ द्यावं, वाऱ्याने हलायचं नाही. त्याचं म्हणणं आम्हा सगळ्यांना पटलं. वहिनी म्हणाल्या, "माणूस गळ्यापर्यंत पुरला तरी हलत नाही." झाड खडूच्या खुणेवरच थांबलं. मग खोडाला गोणपाट, गोणपाटावर लाकडाच्या पट्ट्या, पट्ट्यांना पट्टा आणि पट्ट्यांवर टेकू ठोकले. खोडाला एक खिळा लागला नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

सगळं झाल्यावर त्या गॅलरीत गेल्या. झाडाचा शेंडा आता बरोबर कठड्यासमोर आला होता. त्यांनी पिशवीतून लाल नेलपॉलिशची बाटली काढली. (नखात बारमाही माती असलेली बाई नेलपॉलिश घेते कशाला, यावर गल्लीत पूर्वी बरीच चर्चा झालेली आहे, त्यात मी फार नव्हतो.) कोंब आणि शेजारचं देठ, दोन्हींवरून मिळून त्यांनी एक आडवी रेघ ओढली. कोंब वाढला की त्याच्यावरची रेघ देठावरच्या रेघेपेक्षा वर सरकणार. सरकली म्हणजे झाड जिवंत. ग्रंथपालांना त्यांनी बाजूला घेऊन बजावलं, की कोंबाला कोणी हात लावू नये. आतून कुजलेला कोंब ओढला तर हातात येतो, पण चांगला कोंबसुद्धा आता नाजूक असतो, रोज ओढला तर तुटेल.

आमचे ग्रंथपाल सूचनांचे भोक्ते. "खुर्ची उचलून सरकवावी", "पंखा चालू आहे, चालू राहू द्यावा" अशा पाट्यांनी भिंती भरलेल्या. त्यांनी लगेच सुवाच्य अक्षरात नवी पाटी लावली, गॅलरीच्या दारावरच: "कोंब ओढू नये. मेलेला कोंब ओढताच हातात येतो."

तोपर्यंत आमच्यापैकी कोणालाही कोंब म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं. पाटीने ते कळलं, झाड मेलं की जगलं हे ओळखण्याची रीत कळली, आणि हात लांबवला की पोचतो हे तर समोरच दिसत होतं. पेपर वाचायला येणारा प्रत्येक जण गॅलरीत वारा खायला जाऊ लागला. बांधलेल्या झावळ्यांत हळूच हात घालायचा, एक बारीकसा हिसका द्यायचा, घट्ट लागला की समाधानाने येऊन पेपर उघडायचा. सगळे काळजीपोटीच करत होते. मी दोनदा केलं. कबूल करायचंच तर तीनदा.

पाच आठवडे रेघ जागची हलली नव्हती. मग उशिरा का होईना हलली. आठ दिवसांत चार बोटं वर. वाचनकक्षात आनंदीआनंद. ग्रंथपाल स्वतः वहिनींना सांगायला घरी आले. पोस्टमास्तर गच्चीवरून खाली उतरले, ऐकून घेतलं आणि पुन्हा वर गेले. थोड्या वेळाने रेडिओ बंद झाला.

वहिनींच्या चेहऱ्यावर मात्र काही उमटलं नाही. नुकता हलवलेला पाम दिवसाला गव्हाच्या दाण्याएवढा वाढला तरी पुष्कळ. त्या पदर खोचून वाचनालयात आल्या, पाटी वाचली, मग आम्हा सगळ्यांकडे एकेक करून बघितलं. त्या दिवशी पेपरात सगळ्यांनाच फार महत्त्वाचं काही सापडलं होतं. गॅलरीत जाऊन त्यांनी दोन बोटांनी कोंब धरला. तो आला. हातभर लांब, टोकाशी पांढरा. झाड वाढलं नव्हतं, आम्हीच तो कोंब रोज थोडाथोडा वर काढत होतो.

वहिनींनी कोंबाचं टोक नाकाशी नेलं. मग कठड्यावर ओणवं होऊन शेंड्यातल्या भोकाचा वास घेतला. तो कुजल्याचा नव्हता, कापलेल्या काकडीसारखा हिरवट होता. म्हणजे मेलेला नव्हे, धडधाकट कोंब आम्ही तोडला होता. खाली जिथून पानं फुटतात ते मूळ ठिकाण शाबूत आहे की नाही, हे आता वरून कळायचा मार्ग नव्हता. आत कुजू नये म्हणून त्यांनी मोरचुदाचं निळं पाणी ओतलं, पाटी काढून पिशवीत घातली आणि गॅलरीच्या दाराला कुलूप लावायला सांगितलं. कोणी ओढलं, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्टमास्तर टेप घेऊन आवारात उभे. ते दुष्टपणे आले नव्हते. शर्त तशी होती आणि शर्तीप्रमाणे वागायची त्यांना सवय. त्यांनी चुन्याने दोन खोल्यांची आखणी केली. एक रेघ माझ्या खिळ्याच्या झाडावरून गेली. वहिनी पाण्याची झारी घेऊन रेघा ओलांडत फिरत राहिल्या. एवढंच म्हणाल्या, "कोंब गेलाय. झाड गेल्याचं अजून कोणी सांगितलं नाही. तारीख यायची आहे." पोस्टमास्तरांनी कॅलेंडर बघितलं आणि टेप गुंडाळला.

मग चार महिने काहीच झालं नाही. वहिनी एक दिवसाआड जाऊन मुळाशी पाणी घालत. बांधलेल्या बारापैकी सात झावळ्या वाळल्या. सुतळी कुजून तुटली, उरलेल्या पाच आडव्या झाल्या. वाचनकक्षात त्या झाडाबद्दल कोणी बोलेना. मी गल्लीत सांगून टाकलं की झाड संपलं. मला वाईट वाटत होतं आणि काहीतरी सांगायलाही हवं होतं. मधल्या काळात ग्रंथपालांनी मला एक गोष्ट सांगितली. पाटी लागल्यापासून कुलूप लागेपर्यंत वाचनालयात येणाऱ्यांपैकी एकच माणूस गॅलरीकडे फिरकला नव्हता, तो म्हणजे पोस्टमास्तर. कोंब तुटण्यात ज्याचा फायदा होता तो एकटाच पाटी वाचून खुर्चीत बसून राहिला.

कॅलेंडरावरच्या गोलाला नऊ दिवस उरले असताना शेंड्यातून पान आलं. पान कसलं, कोणी कात्रीने वेडंवाकडं छाटून टाकावं तसं, वीतभर, एका अंगाला मुरडलेलं. पण हिरवं. ग्रंथपालांनी कुलूप काढलं. वहिनी आल्या, मागून पोस्टमास्तर, आणि त्यांच्या मागून आम्ही सगळे, हात मागे बांधून.

पोस्टमास्तरांनी चष्मा पुसला. बराच वेळ बघितलं. हे असलं वाकडं पान धरायचं का, असं कोणीतरी मागून कुजबुजलं, ते मी नव्हे. पोस्टमास्तरांनी त्याला मान वळवून गप्प केलं आणि म्हणाले, "पान आहे. गवंड्याला गच्ची दाखवतो उद्या. माझी खुर्ची खाली कुठे ठेवायची, तेवढं सांग."

वहिनी काही बोलायच्या आत पोस्टमास्तरांचा हात कठड्यावरून पुढे गेला. सहा महिन्यांत पहिल्यांदाच. म्हणाले, घट्ट आहे का तेवढं बघतो.

वहिनी म्हणाल्या, "खुर्ची झाडांत ठेवू. आधी तो हात आत घ्या. नाहीतर या वेळी मुद्दाम बांधीन."