चोपन्न फुटांची चौकट

आधी माझा एक पराक्रम सांगून टाकतो, म्हणजे माझ्या हुशारीबद्दल कुणाचा गैरसमज राहणार नाही. या नोकरीला लागलो त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात मी अक्षांश आणि रेखांश उलटे भरले. एकोणीसच्या जागी बहात्तर, बहात्तरच्या जागी एकोणीस. एंटर दाबलं आणि लालबाग, परळ, काळाचौकी… सगळं उचलून नॉर्वेच्या वरच्या बर्फाळ समुद्रात जाऊन पडलं. आमचा सर्व्हर सांभाळणारा परेरा मूळचा गिरगावचा. तो आजही भेटला की पहिलं विचारतो, "काय रे, स्वेटर आणलास?"

तर असा मी. वय बावन्न, बीपीची गोळी चालू, आणि भुताखेतांवर काडीचा विश्वास नाही. या 'अमानवीय अनुभव' धाग्यावरचं सगळं गेली काही वर्षं वाचतो आहे, आणि कबूल करतो, दोन-चार जणांच्या पोस्टखाली खोडसाळ कमेंटही टाकल्या आहेत. त्यांची आज माफी मागतो. माझ्या अनुभवात बाई नाही, पैंजण नाही, आणि जे घडलं ते रोज सकाळी सव्वादहा वाजता, ट्यूबलाइटच्या उजेडात, चहाचा कप हातात असताना घडलं.

आमचं ऑफिस लोअर परळला, एका बंद पडलेल्या गिरणीच्या जागेवर उठलेल्या टॉवरमध्ये. वडील याच आवारात साचाखात्यात मागांपुढे उभे राहून आयुष्य घालवून गेले, मी सहाव्या मजल्यावर एसीत बसून चाळींचे नकाशे सांभाळतो. काम सांगायला सोपं आहे. चाळीतली प्रत्येक खोली म्हणजे नकाशावरची एक चौकट, आणि चौकटीला जोडलेली माहितीची एक ओळ. कोण राहतं, कधीपासून, किती चौरस फूट. पुनर्विकासात नवं घर कुणाला मिळणार, ती यादी यातून निघते. चौकट नाही, तर यादीत नाव नाही. एवढं लक्षात ठेवलंत की पुढचं सगळं कळेल.

सुरुवातीला एकाच वॉर्डाचं काम होतं. मग दादर आलं, गिरगाव आलं, शिवडी, वडाळा… डेटाबेस असा फुगला की एक चाळ उघडायला सांगून चहा पिऊन यावं, तरी स्क्रीनवर ते चक्र फिरतंच असायचं. तेव्हा ठरलं की वॉर्डाप्रमाणे तुकडे करायचे, नवीन इंडेक्स बांधायचा, मोठ्या सर्व्हरवर हलवायचं. आणि हलवण्याआधी कचरा काढायचा. हा कचरा काढण्याचा मान माझा.

कचरा म्हणजे काय, तर दोन खोल्यांच्या रेषा नीट जुळल्या नाहीत की मधे चिंचोळे फालतू तुकडे उरतात. भाजी निवडल्यावर उरतात तसे. असे हजारभर तुकडे होते. एकेक कोण तपासणार? मी एक अट घातली. साठ चौरस फुटांच्या आतलं सगळं पुसून टाक.

साठच का? कारण मी चाळीत वाढलेला माणूस. माझ्या डोक्यात जगातलं सगळ्यात लहान घर म्हणजे आमची दहा बाय बाराची खोली, त्यात आम्ही सात जण. त्याच्या निम्म्यात कोण राहणार? झालं. पुण्या-बिण्याचा कुणी बंगल्यातला माणूस असता तर बिचाऱ्याने कुणाला तरी विचारलं असतं. मला विचारायची गरज वाटली नाही. मला सगळं माहीत होतं ना. वेग वाढवायला एक जड कॉलमही काढून टाकला. सर्व्हेवाले तिथे फिरताना जो शेरा लिहून ठेवतात, तो.

यादी लागली. आमच्या जुन्या चाळीतही लागली, काळाचौकीला. आणि शालूमावशीचा फोन आला.

शालूमावशी नात्यातली नाही. आमच्या चाळीत तळमजल्यावर तिची खानावळ होती. गिरणीतले एकटे राहणारे कामगार दोन वेळा तिच्याकडे जेवायचे, पॅसेजमध्ये पाट मांडून. आई आजारी पडली होती तेव्हा तीन महिने मी आणि माझी बहीण तिच्याच हातचं जेवलो. गिरण्या गेल्या, जेवणारे गेले, ती राहिली. ती स्वयंपाक जिन्याखाली करायची हे मला माहीत होतं. ती झोपते कुठे, हा प्रश्न मला बावन्न वर्षांत पडला नव्हता.

"बाबू," मावशी म्हणाली, "तू नकाशाच्या हापिसात आसस मां? माझी खोली कागदावर दिसना नाय म्हणतत. जरा बघशीत?"

"बघतो मावशी," मी म्हटलं.

बघितलं. जुना बॅकअप उघडला. जिन्याखाली सहा बाय नऊची चौकट होती. चोपन्न चौरस फूट. शेऱ्यात सर्व्हेवाल्याने लिहिलं होतं, 'जिन्याखाली. गॅस, पलंग, देव. एक वृद्ध बाई एकट्या राहतात.' बिचाऱ्याने पलंगसुद्धा लिहिला होता.

मी आमच्या मॅनेजरकडे गेलो. सचिन नाव, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, मला काका म्हणतो. म्हटलं, एका बाईंची खोली सुटली आहे.

"हरकत नोंदवायला सांगा ना काका. मुदत आहे अजून."

"त्यांच्याकडे पावती नाही. मालकाने जिन्याखालची जागा तोंडी दिलेली."

"मग आपण काय करणार? हे व्हर्जन फ्रीझ झालंय. एक ओळ घातली तर अख्खी यादी परत चालवावी लागेल. आणि सुटली कशी म्हणून वर विचारतील."

सुटली कशी, याचं उत्तर माझ्या तोंडात होतं. तोंडातच ठेवलं. पुढच्या व्हर्जनमध्ये घालू, असं ठरवून जागेवर येऊन बसलो.

घरी नीलिमा, म्हणजे आमची मंडळी, रोज विचारायची, "अहो, मावशींचं बघितलंत का?"

"चाललंय."

"चाललंय म्हणजे कुठवर आलंय?"

"टेक्निकल आहे ते."

तिने पुढे विचारणं सोडून दिलं. मला बरं वाटलं.

चाळ रिकामी करायची तारीख आली त्या मंगळवारची गोष्ट. रोज सकाळी सव्वादहाला आमच्याकडे एक तपासणी आपोआप चालते. नकाशात कुठे चौकटीवर चौकट चढली असेल तर ती लाल दाखवते. रोज शून्य चुका असाव्या लागतात, नाहीतर डेटा पुढे जात नाही. त्या दिवशी एक चूक आली. काळाचौकी, आमची चाळ, जिन्याखाली. चोपन्न चौरस फूट. नाव रिकामं.

मी म्हटलं, बॅकअप आपणच उघडला होता, त्यातून आली असणार. पुसली.

बुधवारी परत. तोच क्रमांक, तेवढंच माप, फक्त आता शिवडीत, गोदामांमागच्या एका चाळीच्या गॅलरीच्या टोकाला. मी परेराला बोलावलं.

त्याने लॉग, म्हणजे कुणी कधी काय बदललं त्याची नोंद, वरखाली करून पाहिला. "नोंद नाय रे कुठे. ही ओळ घातली कोणी, तेच दिसत नाय."

"एखादी स्क्रिप्ट?"

"स्क्रिप्टची पण नोंद असते. आणि स्क्रिप्ट काय शिवडीला जाते? तुझा जुना उद्योग असेल. नीट बघ, नॉर्वे नाय ना."

हसलो दोघंही. पुसली. गुरुवारी पुन्हा शिवडी, त्याच जागी. पुसली. शुक्रवारी परळ, एका मोठ्या हॉस्पिटलच्या इमारतीत, वॉर्डाच्या टोकाला. शनिवारी तिथेच. पुसली, पुसली. चौकट सरळ नव्हती, आमच्या जिन्याची भिंत जशी किंचित तिरकी आहे तशी ती तिरकी होती. जिथे जायची तिथे तशीच तिरकी. कोऑर्डिनेट्सचा घोळ असता तर सगळाच नकाशा सरकला असता. एकच चौकट उठून रोज कशी जाईल? हा प्रश्न मला पडत होता… पण शून्य चुका दाखवायची घाई त्याहून मोठी होती.

रविवारी सुट्टी. सोमवारी सव्वादहाला चौकट भोईवाड्याला होती. स्मशानाच्या आवारात. हात थोडा थांबला, नाही असं नाही. मग पुसली.

मंगळवारी शून्य चुका. सचिनने ग्रुपवर अंगठा टाकला.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी नीलिमा लालबागला मसाला कुटायला गेली होती. तिथे जुन्या शेजारणीकडून तिला कळलं. शालूमावशी गेली. घरी येऊन तिने मला तेवढंच सांगितलं आणि पिशवी ठेवून आत गेली.

रविवारी आम्ही दोघं मावशीच्या भाचीकडे गेलो. भाची शिवडीला राहते, सुषमा नाव. पत्ता मी विचारला नाही. मला तो माहीत होता.

"तुम्ही बाबू?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "मला वाटलं कोणीतरी लहान असेल. मावशी म्हणायची ना तसं… बाबू बघतो म्हणालाय, बाबूचं हापिस मोठं आहे."

मावशी इथे कधी आली, मी विचारलं.

"मंगळवारी संध्याकाळी. दुपारपर्यंत तिथंच बसून होती, सामान बांधून. उठेना. म्हणे, यादी बदलतली. आमच्याकडे जागा कुठे, गॅलरीच्या टोकाला पलंग टाकून दिला. गुरुवारी रात्री दम लागला, परळला नेली. रविवारी रात्री गेली. सोमवारी दहाला भोईवाड्याला… तुमची वाट बघितली हो तिने. शिव्या नाय दिल्या. द्यायला पायजे होत्या."

मी गॅलरीच्या टोकाला गेलो. फोनवर लोकेशन काढलं. फोन चार-पाच मीटर इकडेतिकडे दाखवतो, ते मला माहीत आहे. तेवढा फरक सोडून द्या. तीच जागा होती. सुषमा मागून बघत होती. "आता काय मोजताय?" ती म्हणाली.

ऑफिसात परेराकडून सगळा लॉग काढून घेतला. त्या आठवड्यात ती चौकट आल्याची एकही नोंद नाही. ती गेल्याच्या सहा नोंदी आहेत, सहाही माझ्या लॉगिनने. परेरा त्या दिवशी स्वेटरचं काही बोलला नाही.

मी सचिनला जाऊन सांगितलं, की साठची अट माझी होती आणि त्यात एक जिवंत बाई पुसली गेली. तो वाईट नाही. समोरचा लॅपटॉप मिटवला. मग म्हणाला, "ठीक आहे काका. पुढच्या वेळी चाळीस ठेवू."

ती चौकट आता मी माझ्या हाताने परत घातली आहे, शेऱ्यासकट. रोज सव्वादहाला बघतो. जिथे ठेवली तिथेच असते. चाळ पाडून झाली आहे, त्यामुळे कुणावर चढत नाही, चूक म्हणून लाल होत नाही.

हे सगळं कसं घडलं, मला आजही सांगता येत नाही. या क्षेत्रातलं कुणी वाचत असेल तर सांगा. ट्रिगर, रेप्लिकेशन, जुना कॅश… सगळं तपासून झालं आहे, तरी सांगा.

पोस्ट करण्याआधी हे नीलिमाला वाचून दाखवलं. ती कांदा चिरत होती. शेवटपर्यंत ऐकून घेतलं, सुरी खाली ठेवली आणि म्हणाली, "चौकट परत कशी येत होती, ते तुम्हाला कळत नाही, म्हणून एवढं लोकांना विचारताय. ती पहिल्यांदा गेली कशी, ते तर आपल्याला माहीत आहे ना? मग यात अमानवीय काय आहे?"