वकिलाने आमच्या सॅक उपसल्या

कॉलेजपासूनच्या आमच्या चौघांच्या टोळीतला एक जण ठाण्याच्या कोर्टात वकिली करतो. पन्नाशी जवळ आली तसा त्याचा गुडघा कुरकुरायला लागला आणि डॉक्टरांनी पोट कमी करायला सांगितलं. त्याने पोट तसंच ठेवलं आणि सॅकचं वजन कमी करायला घेतलं.

डिसेंबरात कसाऱ्याच्या पुढच्या डोंगरांत ट्रेक ठरला होता. मुक्काम तंबूत, स्वयंपाक आपला आपण. निघायच्या आदल्या रविवारी सकाळी हा डोंबिवलीला आमच्या घरी हजर, हातात बॅगा तोलायचा छोटा काटा. मी आणि नवऱ्याने सॅक हॉलमध्ये आणून ठेवल्या. त्याने माझी सॅक काट्याला अडकवून उचलली, आकडा वाचला आणि आरोपीकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं.

"तू ट्रेकला चाललीयस की तुझी बदली झालीय?"

मग उपसाउपशी सुरू झाली. जाड टॉवेल बाहेर, त्याऐवजी पंचा. जीन्स बाहेर.

"दुसरा स्वेटर कशाला?"

"थंडी वाजली तर?"

"तर चालायचं."

नवऱ्याच्या सॅकमधून दाढीचं सगळं सामान निघालं. "तिथे तुला कोण बघणार आहे रे?" वकिलाने विचारलं. नवऱ्याने आशेने माझ्याकडे बघितलं, मी पंख्याकडे.

त्याची स्वतःची सॅक मात्र बघण्यासारखी होती. टूथब्रशची दांडी कापलेली, कंगवा अर्धा, टी-शर्टांची लेबलंसुद्धा उसवून टाकलेली.

"अरे, लेबलाचं असं वजन ते किती?" मी म्हटलं.

"प्रश्न वजनाचा नाही, वृत्तीचा आहे."

एवढ्यात चौथी आली, आमची कोपरला राहणारी मैत्रीण. शाळेत गणित शिकवते, घर खाडीकाठच्या कोळ्यांचं. तिची सॅक काट्यावर पहिल्या फटक्यात पास झाली. वकील खूश होऊन आत डोकावला आणि तसाच मागे सरकला.

"हे काय आहे?"

"सुकट. आईने भाजून दिलीय."

"सुकट? तंबूत?"

"तूच म्हणालास ना, खाणं कोरडं हवं, पाणी म्हणजे वजन? मग हिच्यापेक्षा कोरडं काय असणार?" तिने पिशवी काट्याला लटकवली. "बघ, हलतो तरी का."

"आणि वासाचं काय?"

"वासाला वजन नसतं."

माझ्या नवऱ्याने टाळ्या वाजवल्या. शेवटी पिशवीवर आणखी दोन पिशव्या चढवायच्या अटीवर सुकटीला जामीन मंजूर झाला.

ट्रेकच्या पहिल्या दिवशी तो वासरासारखा पुढे पळत होता. प्रत्येक वळणावर थांबून आमची वाट बघायचा, आणि आम्ही धापा टाकत पोचलो की लगेच "चला" म्हणायचा. एकदाही बसू दिलं नाही. संध्याकाळी पठारावर त्याने आपली पाकिटं काढली: गरम पाणी ओतलं की फुगणारे पोहे आणि कसलंसं सूप. पातेलं एकच, त्यात आधी चहा झालेला. पोहे फुगले, पण चव ओल्या पुठ्ठ्याची. मैत्रिणीने पातेल्याचं झाकण उलटं ठेवून त्यात कांदा परतला, वर सुकट टाकली. सगळं पठार घमघमलं. वकील लांब बसून आपले पोहे चिवडत होता. शेवटी ताटली घेऊन सरकत सरकत जवळ आला.

"वासाचं काय?" तिने विचारलं.

"साक्षीदार स्वतः तपासावा लागतो," म्हणाला, आणि आमच्यासाठी जेमतेम शिल्लक ठेवली.

उतरायच्या दिवशी दगडधोंड्यांच्या घळीत माझा पाय मुरगळला. बघता बघता घोटा सुजला. नवऱ्याच्या खांद्यावर हात टाकल्याशिवाय पाऊल टाकता येईना. मैत्रिणीकडे तंबू आणि पातेलं. मी म्हटलं, माझी सॅक इथेच राहू दे, खालच्या वाडीतून कोणीतरी येऊन नेईल.

वकिलाने ती सॅक उचलली. आपली पाठीवर, माझी पोटावर. दोन सॅकच्या मधून फक्त डोकं दिसत होतं. पुढचं पाऊल कुठे पडतंय ते त्याला दिसत नव्हतं, म्हणून तो तिरका होऊन, एकेक दगड चाचपत उतरायला लागला. दर उतरणीला त्याचा तो गुडघा आधी थबकायचा, मग कसाबसा वाकायचा. आम्हाला त्याच्या टोमण्यांची एवढी सवय, की मी वाट बघत होते: आता म्हणेल, सांगितलं होतं ना. एक शब्द बोलला नाही. त्या शांततेनेच मला जास्त लाज वाटली.

"दुखतोय का रे?" मी विचारलं.

"माझं सोड. तू खाली बघून चाल."

वाडीतल्या एका घरी मावशींनी मिठाच्या गरम पाण्यात माझा पाय ठेवायला लावला आणि सगळ्यांना चहा दिला. त्याने पडवीत सॅक उतरवल्या, तेव्हा शर्ट पुढूनमागून ओलाचिंब होता. मैत्रिणीने न विचारता त्याच्या गुडघ्याला मलम चोळायला घेतलं. "जोरात नको ना गं," तो कळवळला. त्या दिवसातली त्याची तेवढीच तक्रार.

आम्हाला स्टेशनला न्यायला जीप आली तेव्हा वकीलसाहेब भिंतीला टेकून, तोंड उघडं टाकून गाढ झोपले होते. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला तरी हलले नाहीत. उठवायला आमच्यातलं कोणीच पुढे होईना. शेवटी मावशीच म्हणाल्या, "निजू दे की घटकाभर," आणि ड्रायव्हरसाठी चहाचं आधण ठेवलं.