अप्पांचं इंग्रजी खळं

आमच्या घरी आलेल्या पाहुण्याला चहाच्या आधी खळं बघावं लागे. अप्पा, म्हणजे माझे सासरे, त्याला लिफ्टच्या दारातच गाठत, "चहा कुठे पळून जातोय?" म्हणत आणि आल्या पावली खाली घेऊन जात. सर्जापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत, दोन टॉवरांच्या मधोमध, उतरत्या छपराची एक लांबलचक दगडी इमारत होती. बिल्डरने जाहिरातीत तिला 'हेरिटेज बार्न' म्हटलं होतं. माझी टीम लीड पहिल्यांदा घरी आली तेव्हा तीही सुटली नाही. उंच टाचांच्या चपला घालून ती चिखलात उभी, आणि अप्पा तिला इंग्लंडमधले उंदीर समजावून सांगताहेत. मी लाजेने अर्धमेली झाले होते.

अप्पा पुण्याला पॉलिटेक्निकमध्ये इमारतींचं ड्रॉइंग शिकवत. तरुणपणी काही महिने शिकायला इंग्लंडला गेले, आणि बरोबरचे लोक लंडन बघत असताना हे खेड्यापाड्यांतली शेतघरं मोजत फिरले. त्या शेतघरांबद्दल बोलताना त्यांना इंग्रजी शब्द मुळीच खपत नसत. "बार्न काय, बार्न? खळं म्हण. आपण खळं उघड्यावर करतो. तिकडे पावसाचा काही नेम नाही, म्हणून त्यांनी खळं उचलून छपराखाली नेलं. समोरासमोर दोन मोठी दारं ठेवली. मधल्या फरशीवर मळणी करायची, दोन्ही दारं उघडायची आणि आरपार वाऱ्यावर धान्य उपणायचं." मग ते दोन्ही दारं उघडून पाहुण्याला बरोबर मध्ये उभं करत. वारा यायचा, हे मात्र खरं.

पुढचा धडा अंगणाचा. उत्तरेला खळं, म्हणजे थंड वारा अडतो. दोन बाजूंना गोठे, दक्षिण मोकळी, म्हणजे हिवाळ्यात जनावरांना ऊन. धान्याचं कोठार दगडी अळंब्यांवर, म्हणजे छत्रीसारख्या माथ्याच्या बुटक्या खांबांवर, उचललेलं. उंदीर देठावरून चढतो आणि छत्रीखाली अडकतो. आमच्या खळ्यासमोरही अशा काही अळंब्या होत्या. सोसायटीतली मुलं त्यांवर बसून मोबाइल खेळत. "कुणा निवृत्त गोऱ्या साहेबाने गावच्या आठवणीने बांधलं असणार," अप्पा सांगत. "हात लावून बघा. टाकीचे घाव लागतील. दगड खोटं बोलत नाही."

पार्किंग अपुरं पडायला लागलं तेव्हा कमिटीने खळं पाडायचं काढलं. सर्वसाधारण सभेत अप्पा बोलायला उभे राहिले आणि मी मान खाली घातली, कारण आता त्यांच्या मराठी वळणाच्या हिंदीतून उंदीर येणार हे मला माहीत होतं. ते आलेच. पण त्या दिवशी लोकांनी ऐकलं. समोरचे कन्नड आजोबा "सरी, सरी" म्हणत मान डोलवत होते, आयटीतल्या पोरांनी फोन खाली ठेवले होते. अप्पा शेवटी म्हणाले, "मैं जिंदगीभर यही पढ़ाता आया हूँ. यह असली है, मेरी बात पर भरोसा रखिए." लोकांनी भरोसा ठेवला. खळं वाचलं आणि अप्पा रात्री एक पोळी जास्त जेवले.

आता खळ्याला मान मिळाला म्हणून तिथे दिवे लावायचं ठरलं. इलेक्ट्रिशियनने एका अळंबीला ड्रिल लावलं आणि भला मोठा टवका उडाला. आत कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी होती, वरून सिमेंट. इलेक्ट्रिशियनला त्यात काहीच वावगं वाटलं नाही, तो पुढच्या अळंबीकडे वळला. अप्पा किल्लीने भिंतीचे कोपरे खरवडत खळ्याभोवती फिरले. बहुतेक ठिकाणी सिमेंटच निघालं.

ती जमीन पूर्वी ज्यांची होती त्या अक्का मागच्याच गल्लीत राहत. घराणं मराठी, पण कित्येक पिढ्या इथलंच. अप्पांनी मला सोबत नेलं. अक्कांनी कौतुकाने सांगितलं, "आमचे यजमान कॅलेंडरातलं चित्र बघून बांधलेत की, अण्णा. रेशीमकिड्यांना वारा पायजे, म्हणून दोन दारं. दगड स्वल्पच, बाकी सगळं मेस्त्रीनं सिमेंटात उठवलंय. छान केलाय ना?"

"छान केलाय," अप्पा म्हणाले. रस्त्यात मात्र माझ्याकडे न बघता म्हणाले, "टाकीचे घावसुद्धा सिमेंटात उठवले गं. आणि मी लोकांना हात लावून बघायला सांगत होतो."

मंदारने, माझ्या नवऱ्याने, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अप्पा, कोणाला कळतंय? खळं उभं आहे ना? मग राहू द्या."

"माझ्या शब्दावर उभं आहे, मंदार. तेच तर दुखतंय."

पुढच्या सभेत त्यांनी बोलायला वेळ मागून घेतला. "मैं गलत था. यह इंग्लिश खळा नहीं है, रेशम के कीड़ों का शेड है." मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. अध्यक्ष म्हणाले, "इट्स ओके, अंकल," आणि अप्पांना बसायला खुणावलं. ते बसले नाहीत. वर्गासमोर गणित चुकलेल्या मास्तरांसारखे, कोणी काही विचारेल म्हणून उभे राहिले. कोणी रागावलं असतं तर बरं झालं असतं. मला कुठे बघावं ते कळेना. पाडायचा ठराव लगेच पुढे आला. निदान शेड म्हणून तरी ठेवा असं सांगा, म्हणून मी त्यांच्या कानात कुजबुजले. ते म्हणाले, "आता मी कोणत्या तोंडाने सांगू?"

खळं गेलं, पार्किंग झालं, आणि त्यावर झोकदार इंग्रजीत पाटी लागली: 'द ओल्ड इंग्लिश बार्न पार्किंग'. फ्लॅट विकणाऱ्यांना ते नाव सोयीचं होतं. नाव बदला म्हणून अप्पांनी कमिटीला परत परत विनवलं. "अंकल, ते ब्रँडिंग आहे," एवढंच उत्तर मिळालं. मग अप्पा मागच्या गेटने ये-जा करायला लागले. पाहुणे आले की सरळ चहा मिळू लागला. एकदा म्हणाले, "त्या पाटीखाली माझी सही असल्यासारखं वाटतं मला. लाज वाटते." इतकी वर्षं मला त्यांची लाज वाटत आली होती, पण त्यांच्या तोंडून तो शब्द ऐकवेना.

या उन्हाळ्यात अप्पा गेले. सोसायटीने क्लबहाउसमध्ये शोकसभा घेतली. आमचे अध्यक्ष नागपूरचे, मनाने चांगला माणूस. अप्पांच्या फोटोला हार घालून ते इंग्रजीत बोलले, की 'बार्न अंकल'नी आपल्याला आपला इंग्लिश वारसा दिला, पाटीच्या रूपाने ते कायम आपल्यात राहतील. लोक माना डोलवत होते. ज्या पाटीच्या लाजेने तो माणूस मागच्या गेटने जायचा, तीच त्याच्या फोटोपुढे वाहिली जात होती, आणि माझी मान वर होईना.

शेजारची खुर्ची सरकली. मंदार उभा राहिला होता. "सर, ती रेशीमकिड्यांची शेड होती," तो इंग्रजीत म्हणाला. "ते इथेच उभं राहून सांगून गेले होते."

अध्यक्ष माझ्याकडे वाकून हळूच मराठीत म्हणाले, "वहिनी, समजवा ना त्याला. आजच्या दिवशी कशाला? तुमच्या सासऱ्यांचीच शोभा होते यात."

"ती त्यांनी स्वतःच करून घेतली होती," मी म्हटलं. "तुम्ही तेव्हा ऐकलं नाहीत."

मागच्या रांगेतल्यांना ऐकू गेलं नव्हतं. मंदारने घसा खाकरला आणि पुन्हा एकदा, मोठ्याने सांगितलं.