नापाससाहेबांची करवत

नापाससाहेबांच्या वर्कशॉपमध्ये मोजायची अकरा साधनं होती आणि कापायचं एकही नव्हतं. घरामागची पत्र्याची खोली, भिंतीवर काटकोन तपासायचे लहान-मोठे गुण्ये टांगलेले, खणात मखमलीच्या पेटीत व्हर्निअर निजलेला. टेबलाला भलाथोरला व्हाइस बसवलेला होता, पण त्याच्या जबड्यात आजवर अक्रोडही फुटला नव्हता.

साहेब कारखान्यात चौतीस वर्षं तपासनीस होते. दुसऱ्याने केलेला माल मोजायचा, उजेडाकडे धरून एक डोळा मिटायचा आणि लाल खडूने फुली मारून परत पाठवायचा, एवढंच त्यांनी केलं, आणि अगदी मन लावून केलं. कामगारांनी ठेवलेलं हे नाव निवृत्तीच्या समारंभात त्यांच्या बायकोच्या कानावर पडलं. तिला ते इतकं पटलं, की तिने ते घरी आणलं.

आता त्या घरात एक अक्का होत्या. साहेबांच्या थोरल्या बहीण. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आयुष्य काढलेल्या, बिनलग्नाच्या, आणि वरच्या मजल्यावरच्या खोलीच्या अनभिषिक्त मालकीण. दिवा बदलायला खुर्चीवर चढल्या आणि खुब्याचं हाड मोडून घेतलं. तीन आठवडे दवाखान्यात काढले. शुक्रवारी अकरा वाजता दवाखान्याची गाडी घरी आणून सोडणार होती. जिना चढायला हरकत नाही, डॉक्टर म्हणाले, पण दोन्ही हातांना घट्ट आधार हवा. जिन्याला एका बाजूला कठडा होता. दुसऱ्या बाजूला नुसती भिंत.

"तुमच्या हॉलमध्ये मी झोपणार नाही," अक्कांनी खाटेवरूनच जाहीर केलं. "शुक्रवारपर्यंत कठडा झाला तर माझ्या खोलीत. नाही झाला तर मैत्रिणीकडे जाते, तिच्या इमारतीला लिफ्ट आहे. आणि एकदा गेले की गेले. सारखी बोचकी घेऊन हिंडायचं माझं वय नाही."

ही धमकी आहे असं समजायची चूक घरात कोणी केली नाही. एकोणिसाव्या वर्षी कोणीतरी "किती साखर खातेस गं" म्हणालं, तेव्हापासून अक्का चहा बिनसाखरेचा पीत होत्या. रोज सकाळी नऊ वाजता वर्तमानपत्रातल्या शब्दकोड्यावरून या बहीणभावंडांचं कडाक्याचं भांडण व्हायचं. गेले तीन आठवडे साहेब कोडं एकटेच सोडवत होते आणि ते सरळ सुटत होतं. त्यात काही राम नव्हता. हे त्यांनी अर्थातच कोणाला सांगितलं नाही. "कठडा झालाच पाहिजे," एवढंच म्हणाले.

सोमवारी ग्रिलवाला आला. त्याने टेपने भिंत मोजली, तेरा फूट म्हणाला. साहेबांनी मोजली, तेरा फूट तीन मिलिमीटर भरली. ग्रिलवाला म्हणाला, "साहेब, तीन मिलिमीटर तर रंगात जातात." यावर साहेबांनी त्याला चहा पाजून परत पाठवला.

"मी स्वतः करणार," ते म्हणाले.

"तुम्ही?" बायकोने विचारलं. "काय करणार? मोजणार?"

त्यांनी मोजलंच. मंगळवार-बुधवार दोन दिवस खपून भिंतीवर ब्रॅकेट बसवले, आणि खरं सांगायचं तर असे बसवले की पाहत राहावं. पाइपही आणले, सात-सात फुटांचे दोन. वरचा अख्खा जायचा, खालचा सहा फूट तीन मिलिमीटरवर कापायचा, आणि दोघांची तोंडं मधल्या ब्रॅकेटवर एकमेकांना भिडायची. म्हणजे सगळ्या कामात काप एकच. एकुलता एक. त्या एका कापासाठी करवत घ्यायची होती, आणि गुरुवारी सकाळी खालचा पाइप खांद्यावर टाकून साहेब हत्यारांच्या दुकानात निघाले. वाटेत दोन सायकलवाले आणि एक टोपलीवाली वेळेवर खाली वाकली म्हणून बचावली.

दुकानदार त्यांना बघून उभाच राहिला. हा गृहस्थ बावीस वर्षं त्याच कारखान्यात करवतीच्या खात्यात होता.

"या साहेब! आज काय परत करायला आलात?"

"घ्यायला आलोय. लोखंड कापायची करवत, घरच्या वर्कशॉपसाठी. काय काय आहे?"

दुकानदाराने तीन यंत्रं मांडली. पहिलं घासून कापणाऱ्या चकतीचं: दणकट, झटपट, ठिणग्यांचा पाऊस पाडणारं. दुसरं दातेरी चकतीचं: ठिणग्या कमी, तोंड साफ, पण पातं महाग. तिसरा बँडसॉ: पट्ट्यासारखं लांब पातं गोल फिरवत निमूटपणे कापणारा, घाई नसलेल्या माणसाचा.

"तुम्हाला वर्षातून चार पाइप कापायचे," दुकानदार म्हणाला. "खरं विचाराल तर हाताची हॅकसॉ पुरे."

"आधी चाचणी," साहेब म्हणाले. "याच पाइपवर. चाचणी नेहमी खऱ्या मालावर करायची असते."

"मग पाइपचा एकेक तुकडा कापून दाखवतो."

"एका तुकड्याने काय सिद्ध होतं? प्रत्येकावर तीन."

पहिल्या यंत्राने दीड-दीड इंचाचे तीन तुकडे पाडले. साहेबांनी ते निवू दिले, गुण्या लावला, उजेडाकडे धरले. कडा निळसर, आतून बोचरी किनार, आणि तिसरा तुकडा केसभर तिरका. दबाव दिला की चकती वाकते, असं निदान झालं. नापास. दुसऱ्याचे तीनही तुकडे आरशासारखे निघाले, पण आवाज असा की समोरच्या शिंप्याने दार लावून घेतलं. साहेबांना बायको आठवली. नापास. बँडसॉचा पहिला तुकडा तिरका निघाला.

"पात्याचा ताण सैल आहे," साहेब खेकसले.

"अहो, कालच खोक्यातून काढलाय. थांबा जरा." दुकानदाराने ताण वाढवला. दुसरा तुकडा बरा. तिसऱ्याला गुण्या लावला तर फटीतून उजेडाची रेघही दिसेना. साहेबांनी तो उलटा लावून पाहिला, आडवा लावून पाहिला.

"पास," साहेब म्हणाले.

दुकानदार स्टुलावर बसला. "बावीस वर्षांत हा शब्द मी पहिल्यांदा ऐकतोय तुमच्या तोंडून. आणि तोही यंत्राला."

दुपारी नऊ तुकडे खिशात खुळखुळवत, पाइप खांद्यावर टाकून, जिंकल्यासारखे साहेब घरी आले. बँडसॉ दुसऱ्या दिवशी सकाळी घरी यायचा होता. बायकोने पाइपचं एक टोक धरलं, साहेबांनी दुसरं, आणि नुसतं बघावं म्हणून तो ब्रॅकेटवर ठेवला.

"अहो."

"काय?"

"हा मधल्या ब्रॅकेटपर्यंत पोचत नाहीये."

"नीट धर."

"नीटच धरलाय. अडीच इंच कमी आहे."

साहेबांनी टेप आणला. मग दुसरा टेप आणला. मग खिशातले नऊ तुकडे जिन्याच्या पायरीवर ओळीने मांडले आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पाइप फूटभर जास्त होता खरा, पण नऊ दीडके साडेतेरा होतात, आणि प्रत्येक कापाला पातं जे लोखंड खातं ते वेगळंच. चौतीस वर्षं माणूस तुकड्यांकडे बघत आला होता. पाइपकडे बघायचं खातं दुसऱ्याचं होतं.

बायको पायरीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग पदराने डोळे पुसून म्हणाली, "उठा. पाइपवाल्याकडे जा."

पाइपवाल्याचं दुकान गुरुवारी दुपारनंतर बंद असायचं. शुक्रवारी सकाळी साहेब ते उघडायच्या आधी दारात उभे. पाइप घेऊन घरी पोचतात तर वीज गेलेली. कुठेतरी तारांचं काम होतं, संध्याकाळपर्यंत यायची नव्हती. पत्र्याच्या खोलीत नवा कोरा बँडसॉ मुकाट उभा होता. तो पोचवायला आलेला दुकानदार बाजूला उभा, हातात साधी हॅकसॉ.

"मला वाटलंच होतं, शेवटी हीच लागणार," तो म्हणाला. "बारीक दात्यांचं पातं लावून आणलंय. पाइप पातळ आहे, मोठे दाते अडकून तुटतात."

साडेनऊ वाजले होते. साहेबांनी पाइप व्हाइसमध्ये आवळला, चारदा मोजून रेघ मारली आणि बाजूला सरकले. "चल, काप."

"मी? छे!"

"अरे, अक्का अकराला येतायत!"

"म्हणूनच. मी कापणार, तुम्ही नापास करणार, मग दुसरा पाइप, मग तिसरा. अक्का जातील मैत्रिणीकडे आणि बोल माझ्या माथी." त्याने हॅकसॉ पुढे केली. "तुम्हीच कापा. स्वतःचा माल नापास करता येतो का, बघू तरी."

साहेबांनी करवत हातात घेतली. पहिल्या फटक्याला ती रेघ सोडून घसरली. दुसऱ्याला अंगठ्याचं साल निघालं. "पुढे जाताना दाबा, मागे येताना सोडा," दुकानदार म्हणाला. "मारामारी करू नका तिच्याशी." दहा मिनिटांत सदरा भिजला. वीस मिनिटांत खांदा बोलायला लागला. मध्ये बायको सरबत ठेवून गेली. सव्वादहाला तुकडा टणकन खाली पडला.

साहेबांनी गुण्या लावला. एका बाजूला दोन मिलिमीटरची फट. सरळसरळ, आंधळ्यालाही दिसेल अशी.

दुकानदाराने वरच्या खिशातून लाल खडूचा तुकडा काढून टेबलावर ठेवला आणि तो पत्र्याच्या छताकडे बघू लागला.

साहेबांचा हात खडूकडे गेला खरा. मग त्यांनी कानस उचलली, कडेची धार मोडली आणि म्हणाले, "धर तिकडून. बसवू."

अक्का अकराला वीस मिनिटं कमी असतानाच हजर झाल्या. जिन्याखाली थांबून त्यांनी दोन्हीकडे पाहिलं, दोन्हीकडे हात ठेवले आणि चढू लागल्या. एक पायरी, मग दुसरी. मागे बायको, तिच्यामागे दुकानदार, आणि सगळ्यात खाली साहेब, ओठ हलवत पायऱ्या मोजणारे. अर्ध्या जिन्यात अक्का थांबल्या. त्यांचा अंगठा सांध्यावर होता.

"हे काय रे, धाकट्या?"

"दोन मिलिमीटर तिरकं गेलंय."

"कोणी कापलं?"

"मी."

अक्कांनी मान वळवून भावाकडे पाहिलं. भिजलेला सदरा, अंगठ्याला गुंडाळलेली चिंधी.

"काढतो मी ते," साहेब घाईघाईने म्हणाले. "संध्याकाळी वीज आली की बँडसॉवर नवीन..."

"मी धरलंय ना? आता काय माझ्या हातातून सोडवून परत पाठवणार? राहू दे तसंच." आणि उरलेल्या पायऱ्या त्या न थांबता चढून गेल्या. वरच्या खोलीचं दार उघडल्याचा आवाज आला, मग पलंग करकरल्याचा.

साहेब खालच्या पायरीवर बसले. त्यांनी दुकानदाराला विचारलं, "तुमच्या खात्यात एकेक तुकडा कापायला किती वेळ लागायचा रे?"

"आज विचारताय?" दुकानदार त्यांच्या शेजारी टेकला. "सांगतो. आधी उरलेलं सरबत द्या इकडे."

वरून अक्कांचा आवाज आला. "धाकट्या! तीन आठवड्यांची कोडी घेऊन वर ये. एकट्याने काय काय चुकवून ठेवलंयस, ते बघायचंय मला."